गुरुजींचा संध्याकाळचा फवारा

"माझ्या वडिलांना मी मारलं का, एवढंच मला कळायला हवंय," लीना डेकाटे म्हणाली. गाडी किती वाजता सुटते हे विचारावं, इतका तिचा आवाज सरळ होता.

यामिनी भोयरने मान हलवली आणि ती पुढे बोलायची वाट पाहिली. विमा कंपनीतली दावे तपासायची नोकरी सोडून यामिनीने वर्ध्यात स्वतःचं खासगी तपासाचं ऑफिस काढलं होतं. सोबतीला मधू झाडे, निवृत्त हवालदार. तो गाडी चालवायचा, चहा सांगायचा आणि प्रत्येक प्रकरणात सगळ्यांच्या आधी गुन्हेगार पकडायचा. बहुतेक वेळा चुकीचा.

लीनाने पर्समधून प्लॅस्टिकची एक पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत नाकात मारायच्या फवाऱ्याची पांढरी बाटली होती.

"ॲलर्जीचं औषध आहे. स्टिरॉइडचा फवारा."

"कोणासाठी?"

"बाबांसाठी. पुंडलिकराव डेकाटे, समुद्रपूरचे. निवृत्त शिक्षक. कापसाचे दिवस आले की त्यांचं नाक चोंदायचं, शिंकांवर शिंका. वर्षानुवर्षं ते नाक मोकळं करायचे थेंब वापरायचे. मग बीपी वाढलं. इथल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी थेंब साफ बंद केले आणि हा फवारा दिला. म्हणाले, यानं लगेच काही वाटणार नाही. रोज घ्यायचा, हळूहळू गुण येईल. औषध अगदी थोडं असतं, नाकापुरतंच."

"गुरुजी तयार झाले?"

"नव्हते. मी समजावलं. मी वाचलं होतं सगळं. दसऱ्याला मी ही बाटली देऊन पुण्याला परत गेले. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचे. माझ्यासमोर फवारा घ्यायचा, असं ठरलं होतं. बाबा आधी बाटली दाखवायचे, मग घ्यायचे, आणि थोड्याच वेळात म्हणायचे, 'पाह्य, झालं नाक मोकळं.' मला इतकं बरं वाटायचं."

"आणि मग?"

"डिसेंबरात अंगणात पडले. मेंदूत रक्तस्राव झाला. वर्ध्याला आणलं, पण उपयोग झाला नाही. बीपी फार वर गेलं होतं. योगेंद्र, माझा भाऊ, सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, तुझ्या स्टिरॉइडनं बाबा गेले. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. तेरवी होऊन गेली, मी अजून तिथेच आहे. पाणी दिलं तर पिते. बोलत नाही."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, या फवाऱ्यानं सहसा असं होत नाही. पण आमच्या घरात 'सहसा' चालत नाही." लीनाने पिशवी यामिनीकडे सरकवली. "त्यानंच गेले असतील तर तसं सांगा. मी ऐकून घेईन. पण मला ते नीट कळू द्या."

यामिनीने बाटली हलवली. टोपण काढून तिने खुर्चीवर पडलेल्या मधूच्या काळ्या रेक्झिनच्या बॅगेवर एक फवारा मारला.

"ओ मॅडम, माही बॅग!"

"कसं दिसतंय, मधूभाऊ?"

"पान्यासारखं. दुसरं काय दिसनार?"

"वास?"

मधूने नाक जवळ नेलं. "काईच नाई."

यामिनीने बाटली उलटसुलट करून पाहिली. पंपाच्या खाली, बाटलीच्या मानेवर बारीक ओरखडे होते. लेबल बोटांनी धरून धरून पुसट झालं होतं. तिघं निघाली तेव्हा बॅग वाळली होती. तिच्यावर डाग नव्हता.

समुद्रपूरला शिरताना लीनाने मागच्या सीटवर डोळे मिटले होते. मधू हळू आवाजात म्हणाला, "भाऊ काय करते हिचा? कृषी केंद्र चालवते. म्हनजे फवारणीच्या औषधाची काई कमी नाई. चिमूटभर बाटलीत, का खेल खतम."

"कीटकनाशकाला वास येतो, मधूभाऊ."

"बिनवासाचं भेटत असन एखांदं."

"असेलही. पण ते नाकात घेऊन कोणी दोन महिने 'नाक मोकळं झालं' म्हणत बसत नाही."

मधूला ते पटलं नव्हतं.

डेकाट्यांच्या घराचं दार उघडलं आणि मधू जागच्या जागी उभा राहिला. बैठकीची खोली अर्धी कापसाने भरलेली होती, थेट आढ्यापर्यंत. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तंतू तरंगत होते.

"भाव येईल म्हणून ठेवलाय," दार उघडणारी म्हणाली. ती योगेंद्रची बायको आचल, माहेर नागपूरचं. "या ना, असं कडेकडेनं या."

"गुरुजींची खोली?"

"ही भिंतीपलीकडची."

गुरुजींची खोली नीटनेटकी होती. खिडकीखाली जुना रेडिओ, शेजारी अवजारांचा डबा: पेचकस, डिंकाची नळी, छोटी पक्कड, सगळं फडक्यात गुंडाळलेलं. कपाटात औषधांच्या खणात फवाऱ्याचे दोन खोके होते. दोन्ही सीलबंद.

"एक मी दिवाळीला दिला, एक नंतर कुरिअरनं पाठवला," लीना म्हणाली. "मला वाटलं, बाबा जपून वापरत असतील."

"एक बाटली किती दिवस चालते?"

"साधारण महिनाभर."

यामिनीने आचलला विचारलं, "गुरुजींच्या औषधांचं कोण बघायचं?"

"मीच. बीपीची गोळी रोज सकाळी हातावर द्यायची, समोर घ्यायला लावायची. फवारा तेवढा ते स्वतःजवळ ठेवायचे. हातही लावू देत नव्हते. म्हणायचे, तो लीनाचा आणि माझा मामला आहे."

"नाक कसं असायचं त्यांचं?"

"फवारा घेतला की छान. मग रात्री परत चोंदायचं, उठून बसायचे बिचारे. परत घ्यायचे. शेवटी शेवटी तर दिवसातून कितीदा तरी. मी म्हटलं, बाबा, हा रोज एकदाच घ्यायचा असतो ना? तर हसून म्हणाले, बेटा, औषध चांगलं आहे."

"हे मला कोणी सांगितलं नाही," लीना म्हणाली.

"तुम्हाला सांगू नको म्हणाले होते, ताई. तुम्ही रागवाल म्हणून."

योगेंद्र दुकानातून आला तो चप्पल न काढताच बोलायला लागला. "ह्या कोन? डिटेक्टिव्ह? वा! बाप गेला, आता घराची इज्जतबी काढ चव्हाट्यावर."

"बसा ना, योगेंद्रभाऊ," यामिनी म्हणाली. "थेंब बंद करायला डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तुम्ही सोबत होतात?"

"मीच नेलं होतं बाबाले. ही पुन्यात होती. घरी आल्याबरोबर मी हिरालालजीच्या मेडिकलात जाऊन सांगतलं का बाबाले थेंब द्याचे नाई, कितीबी मांगो. मी काळजी केली. अन् हिनं काय केलं? इंटरनेटवर वाचून स्टिरॉइड आनलं!"

"डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, दादा," लीना म्हणाली.

"डॉक्टर पन्नास गोष्टी लिहून देतात. तू मागं लागली म्हनून त्याईनं घेतलं."

"कापूस कधीपासून आहे घरात?" यामिनीने विचारलं.

"दिवाळीच्या आंदीपासून. सारेच ठेवतात. पडत्या भावात कोन इकते?"

"गुरुजींना त्याचाच त्रास होता ना?"

योगेंद्र खाली वाकून चपला काढू लागला. त्याला बराच वेळ लागला.

लीनाची आई, यशोदाबाई, मागच्या पडवीत बाजेवर बसल्या होत्या. लीना दारातच उभी राहिली. तिच्याकडे न पाहता त्या यामिनीला म्हणाल्या, "बस वो बाई. त्या बोरीवर बस."

यामिनी जमिनीवरच्या पोत्यावर बसली. "तुम्हाला स्टिरॉइडची भीती वाटत होती?"

"वाटन नाई तं काय? आमच्या भासऱ्याईले, ह्याईच्या मोठ्या भावाले, दमा होता. गावातला एक डॉक्टर पुड्या देये. पयले लय आराम पडला. मंग तोंड असं फुगलं का मानूस वळखू येये नाई. हाडं काडीवानी मोडली. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं तं ते म्हने, पुड्यात स्टिरॉइड होतं. हे रात्रंदिवस भावाच्या उशाशी बसले होते."

"आणि तरी गुरुजी हा फवारा घ्यायला तयार झाले?"

"पोरीनं म्हटलं ना." यशोदाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "मले नाई म्हनत, पोराले नाई म्हनत. तिले कदीच नाई म्हटलं त्याईनं. ती लहान होती तवापासून."

दारातली लीना आत निघून गेली.

हिरालालजींचं मेडिकल चौकातच होतं. स्वतः गोरे, जाड, कपाळावर चष्मा. "योगेंद्रने बोल दिया, बस. मी थेंब बंद केले. गुरुजी दसऱ्याच्या आधी एकदा मागायला आले, मी हात जोडले. रागावले माझ्यावर. म्हणाले, हिरालाल, तुझे पाढे मी पाठ करून घेतले होते रे."

"नंतर परत मागितले?"

"कभी नहीं. बीपीच्या गोळ्या न्यायचे, गप्पा मारायचे. मला वाटलं, फवारा लागू पडला. मी खूश होतो."

"गुरुजी गावाबाहेर कुठे जायचे?"

"वडनेरला. सदाशिवरावांकडे. दोघं एका शाळेत होते."

हिंगणघाटवरून वडनेरला पोचेपर्यंत मधूने हिरालालजींना दोषी ठरवून परत सोडून दिलं होतं. सदाशिवराव ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. पुंडलिकरावांचं नाव काढलं आणि त्यांचे हात थांबले.

"नेहमी यायचे?" यामिनीने विचारलं.

"दसऱ्यापासून लयच येऊन राह्यला होता. मी म्हटलं, काऊन बाप्पा, घरी बायको मारते का? तं म्हने, पंचाहत्तरीच्या वरच्याले यष्टी फुकट हाय, सरकार फिरवून राह्यलं तं फिराव ना." ते हसले आणि हसू तसंच अर्धवट राहिलं.

"आल्यावर थेट तुमच्याकडे?"

"नाई. पयले स्टँडवरच्या मेडिकलात जाये. गोळ्या घ्याच्या हायेत म्हने. मंग इकडं. च्या पिये अन् चालला."

"थकल्यासारखे दिसायचे?"

"डोकं दुखते म्हने. मी म्हटलं, पोरीले सांग. तं म्हने, नाई गा, तिले उगाच घोर लागते."

परतताना यामिनी स्टँडवरच्या मेडिकलात एकटीच जाऊन आली.

"सापडला का कोनी, मॅडम?" मधूने विचारलं.

"सापडला. आणि मला तो सापडायला नको होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी डेकाट्यांच्या बैठकीत सगळे जमले. बसायला जागा नव्हती. आचल आणि लीना दाराशी उभ्या, योगेंद्र कापसाला टेकून, यशोदाबाई खुर्चीवर, हिरालालजी पायरीवर. यामिनीने मधूची काळी बॅग स्टुलावर आडवी ठेवली.

"ही गुरुजींची बाटली." तिने बॅगेच्या डाव्या बाजूला फवारा मारला. मग कपाटातला सीलबंद खोका फोडला, नवी बाटली चांगली हलवली, पंप दोन-चारदा हवेत दाबला आणि उजव्या बाजूला फवारा मारला. "आता बघा."

उजवीकडचे थेंब दुधाळ होते. आचल वाकली. "फुलांसारखा वास येतोय."

"हे औषध पातळ दुधासारखं असतं, म्हणून हलवून घ्यायचं. काळ्यावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात. गुरुजींच्या बाटलीतलं पाण्यासारखं आहे, त्याला वास नाही, डाग नाही. त्या बाटलीत लीनाताईंचं औषध नव्हतंच."

"मंग काय होतं?" योगेंद्र म्हणाला.

"ते गुरुजी स्वतःच रोज सांगत होते. 'झालं नाक मोकळं.' डॉक्टर म्हणाले होते की या फवाऱ्यानं लगेच काही वाटणार नाही. लगेच नाक कशानं मोकळं होतं? थेंबांनी. आणि थेंबांचा असर उतरला की नाक आणखी चोंदतं, परत घ्यावे लागतात, दिवसातून कितीदा तरी. आचलताईंनी हेच पाहिलं. बाटलीत ते थेंब होते. बंद केलेले."

"बीपी," हिरालालजी पुटपुटले.

"हो."

मधूचा चेहरा उजळला. "म्हनजे कोनीतरी बाटलीतलं औषध बदललं! घरातल्याच कोनीतरी!"

योगेंद्र ताडकन सरळ झाला. "माह्याकडं काऊन पाहून राह्यले तुमी?"

"मधूभाऊ, थांबा," यामिनी म्हणाली. "मलाही आधी तसंच वाटलं. महिनाभर चालणारी बाटली दसऱ्यापासून डिसेंबरापर्यंत पुरली, तेही दिवसातून अनेकदा वापरून, आणि दोन नव्या बाटल्या सीलबंद. म्हणजे हीच बाटली परत परत भरली जात होती. मानेवरचे ओरखडे पकडीचे आहेत. पंप उपटून बाटली भरायची आणि परत दाबून बसवायचा. पण विचार करा. ज्यानं आयुष्यभर थेंब वापरले, त्याला फसवून थेंब देता येतील? पहिल्याच फवाऱ्याला तो ओळखेल. घशात उतरणारी चवसुद्धा त्याच्या ओळखीची. गुरुजींना बाटलीत काय आहे ते माहीत होतं. माहीत असून ते खूश होते."

यामिनीने गुरुजींची बाटली वर धरली.

"दुसरी गोष्ट. कोणाला थेंब द्यायचेच असते, तर चोरून थेंबच दिले असते. ते फवाऱ्याच्या बाटलीत कशाला भरायचे? ती बाटली दिसायला हवी, अशी गरज कोणाला होती? योगेंद्रभाऊंना ती डोळ्यासमोरही नको होती. आचलताईंना गुरुजी हात लावू देत नव्हते. ती रोज संध्याकाळी एकाच ठिकाणी दाखवावी लागत होती."

"फोनवर," लीना म्हणाली.

"फोनवर," यामिनी म्हणाली. "हिरालालजींनी थेंब बंद केल्यावर गुरुजी वडनेरला जायला लागले. बाकीची औषधं चौकात मिळत असताना वडनेरच्या स्टँडवरून कसल्या गोळ्या आणायच्या? काल मी त्या दुकानात विचारलं. मास्तर नाकाचे थेंब न्यायचे, एका वेळी बरेच, घरात सगळ्यांना सर्दी आहे म्हणून. पक्कड त्यांच्या रेडिओच्या डब्यात आहे. बाटली भरत होते ते गुरुजीच."

"पन काऊन?" योगेंद्रचा आवाज चिरका निघाला. "काऊन बाबानं असं केलं?"

"स्टिरॉइडला घाबरत होते. भावाचं पाहिलं होतं त्यांनी. नाकातला हा फवारा आणि त्या पुड्या यांत फार अंतर आहे, पण ज्याचा भाऊ डोळ्यांसमोर गेला, त्याला ते अंतर कोण सांगणार? आणि ज्या मुलीला कधी नाही म्हटलं नाही, तिला आताही नाही म्हणवलं नाही. मग दोन्ही सांभाळलं. तिला बाटली दाखवायची, आणि आत आपल्या ओळखीचं औषध ठेवायचं. त्या थेंबांनी काय होऊ शकतं, ते ऐकलं होतं. पण थेंब जुने होते. जुन्याची भीती वाटत नाही." तिने कापसाच्या ढिगाकडे पाहिलं. "त्यात घरात कापूस. श्वास घ्यायला काहीतरी हवंच होतं त्यांना."

योगेंद्र कापसापासून दूर झाला. कुठे उभं राहावं ते त्याला सुचेना.

लीना भिंतीकडे पाहत होती. "मी रोज बघत होते," ती म्हणाली. "रोज. बाटली नीट दिसत नसली तर कॅमेऱ्याजवळ आणायला लावायचे." मग तिने यामिनीकडे पाहिलं. "मी बघत नसते, तर? मी फक्त विचारलं असतं, बाबा, तुम्हाला भीती वाटते का, तर?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत असायला हवं. त्यासाठीच आणलं मी तुम्हाला."

"लीनाताई, तुमच्या औषधानं ते गेले नाहीत, एवढं मी सांगू शकते. थेंबांनीच गेले, असंही कोणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. वय होतं, बीपी होतं. दोषी म्हणून नाव घ्यावं असं इथे कोणी नाही. माझं काम इथे संपतं, आणि ते अपुरं आहे, हे मला कळतं."

हिरालालजी पायरीवरून उठून निघून गेले. आचल डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. मधूने बॅग उचलली. तिच्यावरचे ठिपके पुसावेत की नाही, हे त्याला कळेना.

"दादा," लीना म्हणाली.

"मी बोललो ते..." योगेंद्र म्हणाला. "सगळ्याईसमोर बोललो मी."

"असू दे."

"मले वाटलं, कोनी तरी पायजे ना. कशानं तरी गेले असन ना बाबा."

"असू दे रे."

यशोदाबाई इतका वेळ हलल्या नव्हत्या. आता त्यांनी खुर्चीचा हात धरला आणि उठायचा प्रयत्न केला. लीना पुढे झाली, मग थबकली. आईला हात लावावा की नाही, हे इतक्या दिवसांत तिला कळेनासं झालं होतं.

"लीना," यशोदाबाई म्हणाल्या.

योगेंद्रने मान वर केली. निघालेली यामिनी दारात थांबली.

"अंगनात पडले तवा," यशोदाबाई थांबत थांबत म्हणाल्या, "त्याईले लय दुखलं असन का वो?"

लीनाकडे आजवर सगळ्याची उत्तरं असत. कोणतं औषध किती दिवस, काय खायचं, काय टाळायचं, कुठे काय छापून आलंय. ती आईजवळ जमिनीवर बसली.

"मले नाई माहीत, आई," ती म्हणाली.